आत्याला घातलेली शपथ

माझ्या आत्याच्या जिभेच्या टोकावर तिळापेक्षा थोडा मोठा काळा डाग होता. तेवढ्या डागावरून शेलार गावाने तिचं नाव ठेवलं काळजिभी. ती वाईट बोलली की तसंच होतं, असं सगळे मानायचे. ती बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, सासरच्यांनी तेही जिभेवरच घातलं आणि ती आमच्याकडे कायमची राहायला आली. बाबा तिला बाय म्हणायचे आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. भीतीही तेवढीच होती.

काकाने विहीर खणायला घेतली तेव्हा ती म्हणाली होती, "हितं पाणी न्हाय लागायचं." लागलं नाही. शेजारच्या वरातीच्या गाडीकडे बघून म्हणाली, "ह्यो बैल पोचवायचा न्हाय." बैल वेशीवरच बसला. झालं, गावाला आणखी काय पुरावा पाहिजे? विहिरीतून सलग तीन दिवस कोरडा मुरूम निघत होता आणि बैल सकाळपासून पाय उचलून धरत होता, हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. मला टायफॉइड झाला तेव्हा "ही उठंल, काय काळजी करू नका" असंही तीच म्हणाली होती. मी उठले, पण चांगलं बोललेलं तिच्या खात्यावर कुणी धरत नसे.

रोज सकाळी डबा घेऊन ती नारपोलीला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये कांड्या भरायला जायची. धोट्यात बसवायच्या छोट्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं, दिवसभर, मांडी घालून. शेडमधल्या मुसलमान बायकांशी ती हिंदीत गप्पा मारायची. त्यांना तिच्या जिभेचं काही माहीत नव्हतं, त्यामुळे तिथे ती भरपूर बोलत असावी. घरी आली की गप्प. मी एकदा सुट्टीत तिच्याबरोबर गेले, तेव्हा ती दाराबाहेरूनच म्हणाली की कोपऱ्यातला लूम आज रडतोय, जॉबरला बोलवा. लूम दुरुस्त करणाऱ्या त्या जॉबरने मुकाट्याने जाऊन काहीतरी आवळलं. त्या माणसाने तिचं म्हणणं निमूट ऐकलं याचं मला मोठं नवल वाटलं होतं.

घरात काही शुभ असलं की आई तिच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा द्यायची. "वन्सं, तोंड गोड करा," असं हसून म्हणायची. खडा विरघळेपर्यंत आत्याने बोलायचं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. आत्याही हसून तो गालात धरायची. मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. आता ते हसू आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी, सत्तरच्या दशकात, आमचं रस्त्याकडचं भाताचं शेत सरकारी रस्त्यात गेलं आणि मोबदला आला. आमच्या सात पिढ्यांनी एवढा पैसा पाहिला नव्हता. काका म्हणाला सोनं घ्या. आई म्हणाली, शेत गेलंय तर आतल्या बाजूला दुसरं शेत घ्या, माती कुठे पळून जात नाही. बाबांच्या डोक्यात मात्र लूम बसले होते. शेत वर्षातून एकदा पिकतं, लूम दोन शिफ्ट पिकतो, चार घेतले तर पुढच्या दिवाळीला सहा होतील आणि नातवंडं शेठ म्हणून फिरतील, असं ते सांगायचे. त्याच पैशातून माझं लग्नही व्हायचं होतं. कशेळीचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं.

ही बोलणी चालली की आत्याला शेजारी पाठवायचे, ताक आणायला नाहीतर सूप मागायला. एकदा ती ताक घेऊन लवकर परतली आणि उंबऱ्यातून म्हणाली, "पैका पाहुणा हाय. आला तसा आठ दिस बसू दे त्याला. मंग कामाला लावा." शहाणपणाचं याहून बरं बोलणं मी पुढे आयुष्यात ऐकलं नाही. पण आईच्या हातातली वाटी खाली पडली. पाहुणा म्हणजे जाणारच की! बाबांचा चेहरा उतरला. त्या रात्री कुणी धड जेवलं नाही आणि सकाळी बाबांनी तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "बाय, लूम घरात येईतो या पैशावर एक शब्द काढू नको. तुला माझी शपथ हाय."

नारपोलीतल्या एका दलालाकडे चार जुने लूम होते. गल्ली आत्याला माहीत म्हणून ती वाट दाखवायला आली, आणि कागद वाचायला मी. निघताना आईने खडीसाखर दिली. गोदामात चारही लूम हिरव्या रंगात नवरीसारखे उभे होते. दलाल घाई करत होता, "शाम को दूसरी पार्टी आ रही है, भाऊ, बाद में मत बोलना." बाबांनी लोखंडावरून हात फिरवला. शेतातल्या पहिल्या लोंबीवरून ते तसाच हात फिरवायचे.

आत्या मात्र एका लूमपाशी खाली बसली आणि रंग पोचला नव्हता तिथे, आतल्या बाजूला तिने बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. ती ते बोट बघत राहिली. मग तिने तोंडातला खडा काढून तळहातावर घेतला आणि म्हणाली, "भाऊ..."

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. "बाय, शपथ."

तिने खडा परत तोंडात टाकला आणि बोट पदराला पुसलं. मी सगळं बघत होते. मी विचारायला हवं होतं, मला कुणी शपथ घातली नव्हती. पण तिने काही बोलावं आणि माझं लग्न मोडावं, याचीच मला धास्ती होती. मी कागद वाचला, ठीक आहे म्हणाले आणि बाबांनी सही केली.

दिवाळीपर्यंत लूम बरे चालले. आत्या आमच्या भाड्याच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकत नसे, बाहेरच उभी राहून कान देऊन ऐकायची आणि निघून जायची. दिवाळीनंतर पहिल्या लूमची चौकट उभी तडकली. जॉबरने रंग खरवडून पाहिला आणि म्हणाला, "ये तो आग से निकला माल है." दोन वर्षांपूर्वी नारपोलीतली एक शेड जळाली होती, हे लूम तिच्यातले. आगीत तापून निघालेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ होतं, उन्हाळा सरेपर्यंत चारही भंगारात गेले. दलालाच्या गोदामात तोवर दुसराच कुणी आला होता. शेत गेलं, पैसा गेला आणि बाबा दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर शिफ्ट करू लागले.

काका उघड म्हणाला, तोंडाने नाही बोलली, तरी मनात बोलली असणार. तेव्हा माझ्याने राहवलं नाही, मी बाबांना ते काळं बोट सांगितलं.  ते म्हणाले, "मंग बोलली का न्हाय?" आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने ऐकलं. भाकरी उलटली आणि शेकत राहिली.

त्यानंतर ती खरोखरच बोलेनाशी झाली. माझं लग्न वर्षभराने साधेपणाने झालं, कशेळीच्याच स्थळी. पुढे माहेरी यायचे तेव्हा ती दर खेपेला थोडी आणखी वाळलेली दिसायची, डावा हात अंगाशी धरून बसायची. विचारलं तर मान हलवायची. शेवटी मीच तिला ओढून ठाण्याला दवाखान्यात नेलं. छातीत गाठ होती आणि ती फार पुढे गेली होती. डॉक्टर माझ्यावर चिडले, वर्षभर ही बाई बोलली कशी नाही?

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला तेच विचारलं. ती हळूच म्हणाली, "बोलले असते तर खरं झालं असतं, पोरी. म्हणून गप ऱ्हायले."

शेवटचे तीन दिवस बाबा तिच्या उशाशी बसून होते. कामावर गेले नाहीत. तिचा हात हातात घेऊन परत परत म्हणत होते, "बाय, काय तरी बोल गं. माझ्याशी बोल." तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलल्यासारखे झाले. मग आपल्या भावाचं भलं व्हावं म्हणून तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.