कासेची पिशवी

धुळा एकच प्रश्न तीनदा विचारतो. पहिल्यांदा उत्तरासाठी, दुसऱ्यांदा खात्रीसाठी, आणि तिसऱ्यांदा का, ते त्यालाही सांगता येत नाही. मंगळवेढ्याच्या बाजारात मेंढरांचे व्यापारी याच गुणापायी त्याला लांबून बघून वाट बदलतात. सोलापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर उत्कर्षाताईंना ती सोय नव्हती. धुळाची तीन वर्षांची पूनम त्यांच्याच वॉर्डात होती.

पोरीच्या पोटात, मूत्रपिंडाच्या वर, कॅन्सरची गाठ. औषधाच्या चार फेऱ्या झाल्या, केस गेले, गाठ जागची हलेना. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं, "बिघडलेली पेशी स्वतःहून मरते. तसा हुकूम देणारं जनुक तिच्या आतच असतं. पूनमच्या गाठीत ते गप्प झालंय, म्हणून औषधाचा मार बसूनही पेशी मरत नाहीत."

धुळाचा थोरला भाऊ बिरप्पा शेजारीच होता. जनुक म्हणजे काय, असं त्यानं बाहेर येऊन नर्सला विचारलं. आईबापाकडून येतं ते, एवढं सांगून ती घाईत निघून गेली. बिरप्पाला तेवढं पुरलं. चाळीस वर्षं त्यानं मेंढरांचा वाण राखलेला. कोकरू खोडीचं निघालं की आई कुठली, नर कुठला ते आठवायचं, आणि ती ओळच कळपातून काढायची.

"आपल्या घरात असलं कुणालाच न्हाय," तो म्हणाला. "म्हंजे होटगीकडनं आलं."

होटगी म्हणजे पूनमच्या आईचं, मल्लव्वाचं माहेर. ती तिथंच पायरीवर जेवत होती. तिनं ताट बाजूला सारलं.

"वाणातलं औषधानं जात न्हाय. उद्या पोरीला घरी न्यायची. उगं हाल कशाला?" बिरप्पानं ठरवून टाकलं.

बिरप्पाचा शब्द धुळानं जन्मात मोडला नव्हता. मेंढरं कुठल्या रानात घालायची तेही तोच ठरवायचा. पण सकाळी डॉक्टर येताच धुळा त्यांच्या टेबलापुढं उभा राहिला.

"ताई, ते जनुक हाय का न्हाय?"

"आहे."

"हाय?"

"आहे हो. तुटलेलं नाही, बदललेलंही नाही. गाठीतल्या पेशींमध्ये त्याच्यावर बारीक खुणा चिकटल्यात, त्यामुळं पेशीला ते वाचता येत नाही. हे ना आईकडून आलंय, ना तुमच्याकडून."

"म्हंजे हाय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात धुळाच्या डोक्यात उजेड पडला. "शेळीच्या कासेला पिशवी बांधलीया म्हना की!"

डॉक्टर सोलापूर शहरात, नव्या पेठेत वाढलेल्या. असली पिशवी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. धुळानं टेबलावरची डॉक्टरांची कापडी टोपी उचलून आपल्या मुठीवर चढवली. "करडांनी पिऊ नये म्हनून बांधतो आमी. दूध आत हायच. करडू ढुशा मारून दमतं. त्याला वाटतं, आई आटली."

"अगदी हेच," डॉक्टर हसल्या.

"मग सोडा की पिशवी!"

डॉक्टरांचं हसू मावळलं. "सोडणारी औषधं आहेत, पण अशा गाठींवर ती किती चालतात याचा अभ्यास अजून सुरू आहे. खोटी आशा दाखवणार नाही. पूनमला आपण दुसरी, जास्त कडक औषधं देऊ. गाठ आकसली तर ऑपरेशन करता येईल."

बिरप्पा दवाखान्याच्या फाटकाशी गाठोडं बांधून तयार होता. धुळा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"दादा, काळ्या शेळीला पिशवी बांधलीस, तवा तिचा वाण खोटा झाला का रं?"

"खुळा हायस का? पिशवी वाणात कशी येईल?"

"मग मल्लव्वाच्या म्हायेराला का नावं ठेवतुयास?" आणि धुळानं मुठीवर टोपी चढवून सगळं पुन्हा सांगितलं. टोपी परत द्यायचं तो विसरलाच होता.

बिरप्पानं बराच वेळ तंबाखू मळली. मळून झाली तरी मळत राहिला. "सुटंल का पिशवी?"

"ठाव न्हाय. पोरीला मी न्हेनार न्हाय."

हे मात्र त्यानं एकदाच सांगितलं.

बिरप्पानं गाठोडं सोडलं, वाटेसाठी बांधलेल्या भाकरी मल्लव्वापुढं ठेवल्या. "खा," तिच्याकडं न बघता म्हणाला. "मेंढरांचं मी बघतो." आणि एकटाच एसटीला गेला.

दोन महिन्यांत गाठ निम्म्यावर आली. तोवर धुळाची वॉर्डातल्या प्रत्येक नव्या आईबापाला मूठ आणि टोपी दाखवून झाली होती. डॉक्टरही आता पिशवीच म्हणायला लागल्या होत्या. ऑपरेशनच्या दिवशी बिरप्पा पहिल्या गाडीनं आला. दुपारी डॉक्टर बाहेर आल्या.

"निघाली. थोडी राहिलीय, तिच्यासाठी औषधं चालू ठेवू."

"निघाली?" बिरप्पानं विचारलं.

"निघाली."

"व्हय? निघाली म्हंता?"

डॉक्टरांनी धुळाकडं पाहिलं. धुळा छताकडं बघायला लागला. तेव्हा मल्लव्वानं डोळ्यांवरचा पदर काढला.

"ताई," ती म्हणाली, "हे मातर वाणातलं हाय."