लेह्यम् म्हणजे काय

मुदलियारांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन अक्कांच्या पुढे धरलं. "अम्मा, इथे सही."

"थांबा," मी म्हटलं. "आधी पहिलं पान."

"पहिल्या पानावर काय आहे सार्? नुसत्या डेफिनिशन्स."

त्या नुसत्या डेफिनिशन्ससाठीच अक्कांनी मला बोलावलं होतं. इंग्रज सरकारच्या काळातली गोष्ट. मी कुंभकोणमला वकिली करत होतो. गंगाबाई अक्का आमच्याच तंजावरी मराठी लोकांतल्या. त्यांच्या घरचं बाळंतिणीचं लेह्यम्, म्हणजे चाटून खायचं औषध, कावेरीच्या दोन्ही काठांवर माहीत होतं. मद्रासच्या एका औषध कंपनीला ते डब्यांत भरून रंगून-कोलंबोपर्यंत विकायचं होतं. मुदलियार त्या कंपनीचे मॅनेजर. केमिस्ट्री शिकलेले, बोलायला गोड, आणि माणूस वाईट नव्हता.

करार लायसन्सचा होता. लायसन्स म्हणजे घर भाड्यानं देण्यासारखं. घर आपलं, राहणार दुसरा. 'एक्स्क्लुझिव्ह' लायसन्स म्हणजे त्या भाडेकऱ्याशिवाय कोणीच राहायचं नाही, घरमालकानंसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य अशिलांना सहसा ऐकू येत नाही.

कंपनीच्या मसुद्यात लिहिलं होतं: 'औषध' म्हणजे सुंठ, मिरी किंवा पिंपळी यांपासून केलेला, पोटात घ्यायचा कोणताही पदार्थ.

"मग आमच्या घरचं मिळगु-रसम्, मिऱ्यांचं सार, ते पण तुमचं झालं," मी म्हटलं.

मुदलियार हसले आणि त्यांनी ती ओळ स्वतःच खोडली. तिच्या जागी आम्ही लिहिलं: 'औषध' म्हणजे परिशिष्टात दिलेल्या जिनसा करुपट्टीत, म्हणजे ताडाच्या गुळात, शिजवून केलेलं लेह्यम्. इथवर सोपं होतं.

मग मी अक्कांना विचारलं, "सही केल्यावर तुम्ही स्वतः लेह्यम् द्यायचं नाही. समजलं ना?"

"कोणाला द्यायचं नाही?"

"कोणालाच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दाराशी बाळंतिणीची सासू उभी राहिली, तर काय सांगू? मद्रासला जा म्हणून?"

तेवढ्यात खरंच एक बाई आली, तिरुनीलक्कुडीहून. सून चार दिवसांची बाळंतीण, लेह्यम् पाहिजे म्हणाली. अक्का उठून दाराशी गेल्या. जेवते का, झोपते का, दूध आलं का, अंगाला हात लावून पाहिला का, असं एकेक विचारत राहिल्या. अंग तापलेलं होतं. "आज लेह्यम् नाही," अक्का म्हणाल्या. "आधी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवा. ताप उतरला की या." बाई कुरकुरत गेली.

मुदलियार ते पाहत होते. "अम्मा, डबा असं परत पाठवू शकणार नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "लेबलवर तापाबद्दल लिहावं लागेल."

मला रस्ता दिसला. मी म्हटलं, "दोन गोष्टी वेगळ्या करू. बाईला न पाहता विकलं जातं ते कंपनीचं. बाईला पाहून, विचारून दिलं जातं ते अक्कांचं."

"आणि पाहायचं कोणी?" मुदलियारांनी लगेच विचारलं. "उद्या अम्मांचे दहा नातेवाईक दहा गावांत बसून पाहायला लागले, तर मी विकू काय?"

प्रश्न रास्त होता. एका शब्दाची डेफिनिशन केली की तिच्यातल्या शब्दाची करावी लागते. आम्ही दुपारभर तेच करत बसलो. अक्कांच्या सुनेनं, सुंदरानं, दोनदा कॉफी आणून दिली. शेवटी मुदलियार इथवर आले: पाहायचं कुंभकोणम तालुक्यात, समोरासमोर, अक्कांनी, किंवा अक्कांनी नेमलेल्या एका व्यक्तीनं. ही हद्द अक्कांच्या घरच्या कोणी ओलांडली, तर करार मोडल्याचा ठपका अक्कांवर.

"एक नको, दोन," मी म्हटलं. "इथे सून, त्रिचीला मुलगी." मला माहीत होतं की अक्कांकडून हे काम दोघी शिकल्या होत्या. सून सुंदरा आणि मुलगी गोदा. गोदा लग्न होऊन त्रिचीला गेली होती, आणि तिच्याकडेही बाया येऊ लागल्या होत्या.

"त्रिची तालुक्यात येत नाही सार्. तिथे माझा एजंट आहे." मुदलियार यावर हलेनात.

मी अक्कांना मराठीत म्हटलं, "अक्का, आज सही करू नका. गोदाशी बोला आधी."

अक्कांनी दाराकडे पाहिलं. "राव, माझ्यामागे इथे दाराशी बाया येणार. इथे कोण आहे? सुंदरा. तिचं नाव लिहा."

"आणि गोदा?"

"ती माझी मुलगी आहे. समजून घेईल."

मी लिहिलं. कंपनीचे डबे निघाले, अक्कांचा फोटो लावून, लेबलवर तापाची ओळ ठळक छापून.

गोदानं समजून घेतलं नाही. ती पुढच्याच महिन्यात आली, पण आईकडे न जाता सरळ माझ्याकडे. बसलीसुद्धा नाही.

"वकीलकाका, माझ्या आईचं औषध मी द्यायचं नाही, असं तुम्ही लिहिलंत?"

"घरात कर. लोकांना दिलंस तर आई अडचणीत येईल."

"आणि वहिनी देऊ शकते. मी दहा वर्षांची असल्यापासून ते ढवळलंय, काका. वहिनी परवा आली."

"नाव मी निवडलं नाही, गोदा."

"ते कळलं. म्हणून तर जास्त लागतंय."

तिनं कराराची नक्कल मागितली आणि खिडकीशी उभी राहून वाचली. गोदा मिशनच्या शाळेत शिकली होती. इंग्रजी तिला येत होतं. वाचून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "चूर्ण म्हणजे लेह्यम् का?"

मी विचार केला. "नाही," म्हटलं.

त्यानंतर ती सणावारालाही माहेरी आली नाही. त्रिचीला ती कोरडं चूर्ण करून द्यायला लागली, तुपातून घ्यायचं. त्यात करुपट्टी नव्हती, आणि जिनसाही तिनं आपल्या अनुभवानं बदलल्या होत्या. कंपनीच्या एजंटानं तक्रार केली आणि अक्कांना नोटीस आली. मी उत्तर लिहिलं: जे शिजवलेलं नाही, चाटता येत नाही आणि ज्यात करुपट्टी नाही, ते या करारातलं औषध नाही. मुदलियारांनी नोटीस मागे घेतली. खाजगीत मला म्हणाले, "मुलगी हुशार आहे. तिचाही करार करायचा का?" मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

नोटिशीच्या निमित्तानं मी गोदाकडून चूर्णाची एक पुडी मागवून घेतली होती. काम संपल्यावर ती अक्कांना नेऊन दिली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून बसल्या. सुंदरा दारात उभी होती.

"चांगलं झालंय," अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण हे माझं नाही. हे तिचं झालं."

यात आनंद किती होता आणि दुःख किती, ते मला सांगता येणार नाही. पुडी मात्र त्यांनी परत दिली नाही. पुढच्या दिवाळीला त्या स्वतः रेल्वेनं त्रिचीला गेल्या, आणि पोंगल, म्हणजे संक्रांत, उरकूनच परतल्या.

त्यानंतर मी बरेच करार लिहिले. डेफिनिशन लिहिण्याआधी प्रत्येक अशिलाला विचारत असे, "या शब्दाच्या बाहेर कोण राहतंय?" बहुतेक जण चटकन म्हणत, "कोणीच नाही." असं उत्तर आलं की मी त्या दिवशी सही होऊ देत नसे.