उरलेली निम्मी गती
१९७३ च्या मार्चमध्ये श्रीरामपूरजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर थोरल्या बहिणीचं संशोधन ठरलं. गरम गुळाचा वास आला की ते आठवतं. तिला बघायला पाहुणे येणार होते आणि तिला पुण्यात प्रोटॉनवर काम करायचं होतं. काहिलीतला रस ढवळत वडिलांनी विचारलं, "त्यात शोधायचं काय हाय?" ती म्हणाली, "प्रोटॉनला जोरात धडक दिली की आतले कण दिसतात. पण त्याची निम्मीच गती त्यांच्याकडे असते. उरलेली त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनकडे असावी." चुलाण्यात चिपाडं सारत आई म्हणाली, "ह्या घराचा निम्मा गाडा कोन वढतंय, ते कुनी शोधलं न्हाई." वडील हसले. "जा पोरी. सापडलं तर आदी हिला सांग." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. जूनमध्ये बहीण पुण्याच्या एसटीत बसली.