दोन गालांचा पैलवान

माझ्या मामांइतका दांडगा माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका मार खाल्लेलाही दुसरा झाला नाही. एक खरं मानलं तर दुसरं थाप वाटेल, पण दोन्ही खरं आहे. आमच्या कुंभकोणमात कुणालाही विचारा. दारातून आत यायचं तर त्यांना आडवं होऊन यावं लागे. ते बैलगाडीत चढायला लागले की गाडीवान आधी बैलांची माफी मागायचा. तरुणपणी पापनाशम्‌पासून तंजावरापर्यंत एकही आखाडा त्यांनी सोडला नव्हता आणि पाठीला एकदाही माती लागू दिली नव्हती. तंजावरचं मराठी राज्य गेलं, दरबार गेला, गोऱ्या साहेबाचा अंमल आला, तरी आमच्या मराठी मंडळींची मिशीला पीळ द्यायची खोड काही गेली नव्हती. ही मंडळी मामांकडे बोट दाखवून म्हणायची, "अजून रग आहे हो आपल्यात!" मामांच्या रगीवर आमचे चुलते फुकटची ऐट मारायचे.

मग एका कुस्तीत मामांनी इन्नंबूरच्या एका सुताराचा हात मोडला. हाड वेडंवाकडं बसलं, सुताराचा रंधा सुटला आणि मामांची झोप उडाली. त्याला मिशनच्या दवाखान्यात रोज नेता आणता मामा तिथल्या पाद्र्याचं बोलणं ऐकू लागले, आणि एक दिवस बाप्तिस्मा घेऊनच घरी आले. हलकल्लोळ झाला! माझी आई म्हणजे त्यांची अक्का. तिनं "बाटलास ना? मग मेलास मला!" म्हणून दार लावून घेतलं. दार लावलं, पण जीव थोडाच लावून घेता येतो? रोज सकाळी बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे तुमच्या भाषेत ओट्यावर, केळीच्या पानात वीस इडल्या मांडल्या जायच्याच. मामा पानावर बसले की आधी डोळे मिटून प्रार्थना करायचे. कुस्ती सोडून ते हाडं बसवायला शिकले होते, त्यामुळे गावातल्या प्रत्येक मोडक्या हातापायाची येशूस्वामींना आठवण करून देईपर्यंत चटणी सुकून जायची. शेवटी आतून आई ओरडायची, "अरे, पोचलं सगळं देवाला! आता गीळ!"

धर्म बदलला तरी आखाडा काही डोक्यातून निघाला नाही. त्यांच्या शास्त्रात एका मेंढपाळाच्या पोरानं गोफणीनं राक्षसाएवढा योद्धा लोळवल्याची गोष्ट आहे. पाद्री ती रंगवून सांगायचे आणि मामा मध्येच उठून, तमिळ रीतीनं त्यांना 'अय्या', म्हणजे 'महाराज', अशी हाक मारून म्हणायचे, "अय्या, लांबून धोंडा मारायचा ही कुठली कुस्ती?" पाद्री बिचारे कपाळाला हात लावायचे. पण तोच मेंढपाळ पुढं जिवावर उठलेल्या राजाला गुहेत गाठतो आणि त्याला मारायची हातची संधी सोडून देतो, तिथं आलं की मामा ते पुन्हा सांगायला लावायचे. "वीर झाला तो इथं. गोफणीच्या वेळी नुसता नेम चांगला होता," असं ते मला कितीदा तरी म्हणाले असतील. मी मुन्सफ कोर्टात कारकून. मला वीर म्हणजे तलवार, घोडा आणि चित्रातला फेटा एवढंच ठाऊक. मी आपला मान डोलवायचो.

एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करावा, ही त्यांच्या प्रभूची शिकवण गावाला कळली मात्र, गावाला ऊतच आला. ज्यांनी उभ्या जन्मात ढेकूण मारला नव्हता तेही पैलवानाला मारायला पुढं सरसावले. विड्याची पानं विकणाऱ्या एकानं पैजेवर चापट मारली. मामांनी शांतपणे दुसरा गाल पुढं केला, तेव्हा तो एवढा ओशाळला की पानांची जुडी हातात कोंबून पळाला. लोक म्हणू लागले, पैलवान बाटला आणि बुळा झाला. आईला हे फार लागलं. दाराआडून ती एकदा म्हणाली, "तुझ्या देवाचा मला राग नाही रे. पण तू मार खातोस तो मला इथं बसतो." त्या दिवशी पानात इडल्या उरल्या.

मग एक म्हातारी वारली. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात चिखलात वाकून भाताची लावणी केलेली, गावाबाहेरच्या वस्तीतली, मामांच्याच ख्रिस्ती देवळातली. मागं एक मुलगी तेवढी होती. दफनभूमीला जायची नदीकाठची वाट पुरात बुडालेली. उरला तो मिरासदारांच्या, म्हणजे वतनदार जमीनमालकांच्या, गल्लीतला रस्ता, आणि त्या रस्त्यानं वस्तीतलं मडं कधी गेलं नव्हतं, जाऊ दिलं नव्हतं. पाद्री म्हणाले, कलेक्टरसाहेबांना अर्ज करू. मामा म्हणाले, "अय्या, उत्तर येईपर्यंत म्हातारी थांबेल का?" मुलगी आईच्या पायाशी बसून होती. मामांनी तिला एवढंच विचारलं, "चलतेस?" ती उठली. मामांनी पुढचा खांदा दिला. मी छत्री घेऊन मागं होतो, नुसता बघ्या.

गल्लीच्या तोंडाशी थोरले मिरासदार स्वतः आठ-दहा लाठीवाले घेऊन उभे. ते लाठीवाले एके काळी मामांच्याच हाताखाली लंगोट बांधायला शिकलेले! "पैलवान, तुम्ही दरबारच्या घरातले. तुम्ही खुशाल जा. हे मडं जायचं नाही." मामा म्हणाले, "मी ह्यांच्यातलाच आहे, सामी. वाट द्या." एक खांदेकरी तिरडी सोडून पळाला. त्याच्या जागी मी कसा घुसलो देव जाणे. तेवढ्यात मिरासदारांनी फाडकन मामांच्या मुस्कटात मारली. आवाज झाला खरा, पण कळवळले ते मिरासदारच! गाल कसला, पाटा होता तो. मामांनी खांद्यावरचा भार तसूभरही न हलवता दुसरा गाल वळवला. उजवा हात कामातून गेलेला, म्हणून मिरासदारांनी डाव्या हातानं दुसरी हाणली. मामा अगदी अदबीनं म्हणाले, "तिसरा गाल देवानं दिलेला नाही, सामी. आता वाट द्या, म्हातारीला उशीर होतोय."

समोरच्या तिण्णैवरची एक आजीबाई आधी फिस्सकन हसली. मग शेजारची. मग लाठीवाल्यांतला एक तोंड फिरवून खांदे हलवू लागला, आणि बघता बघता सगळी गल्ली हसत सुटली. हसता हसता लाठी कोण उगारणार? वाट झाली. मामांनी भजन उचललं, वस्तीच्या लोकांनी मागून सूर धरला, आणि आयुष्यभर ज्या रस्त्यावर पाऊल टाकता आलं नाही त्या रस्त्यानं म्हातारी भर दुपारी, वाजतगाजत म्हणावं अशी गेली. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटली. खोटं नाही सांगत!

परतलो तेव्हा आमचं दार सताड उघडं होतं. आईनं मामांचा हात धरून त्यांना आत ओढलं, पाटावर बसवलं आणि दोन्ही गालांना हळदीचा लेप लावला. लावताना रडत होती आणि शिव्या देत होती. बाहेर लोक जमले होते, "वीर! वीर!" म्हणून ओरडत होते. मामा वैतागून म्हणाले, "कसला वीर? अक्का, मनातल्या मनात मी त्याला तीनदा चीत केला. देवानं पाहिलं असणार. माझं काय, अंगात ताकद, मला भीती कसली? म्हातारीची ती पोर बघ. तिरडीमागं, अनवाणी, मान ताठ करून चालत होती. वीर ती." इतक्यात मिरासदारांकडचा माणूस आला, खाली मान घालून: यजमानांचं मनगट सुजलंय, हाड बसवणारं दुसरं कोणी नाही. मामा तेल आणि पट्ट्या घेऊन लगेच उठले. आई म्हणाली, "जा बाबा, जा. पण जरा जोरात ओढ!"

त्यानंतर तो रस्ता कुणी बंद केला नाही. पुष्कळ वर्षांनी मामा गेले, तेही त्याच रस्त्यानं. आता म्हातारे झालेले मिरासदार, थोरांपुढं बांधतात तसं अंगवस्त्र कमरेला बांधून, हात जोडून ओट्याखाली उभे होते. मामा जड, चौघांना पेलवेनात, पण गल्ली पार मोकळी होती आणि लोक बाजूला सरून सरून वाट देत होते. पुढचा खांदा माझा होता. मला मात्र सारखं वाटत होतं, कुणीतरी आडवं यावं आणि वाट अडवावी, म्हणजे मामा आणखी थोडा वेळ थांबतील.