चार बोटं आखूड काच

मोर्चा संपल्यावर छातीवरचा बिल्ला तुम्ही कुठं टाकता? खरं सांगा. घोषणा देऊन घसा बसलेला असतो, समोर चहाची टपरी दिसते, आणि ज्या बिल्ल्यासाठी सकाळी धक्काबुक्की केली तो सरळ गटारात जातो. आमच्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, नव्वदच्या दशकात कोल्हापुरात निघालेला एकही मोर्चा चुकवला नाही, आणि त्यातल्या एकाही मोर्च्यात ते सामील झाले नाहीत. ते मागून यायचे. हातात सायकल, नजर रस्त्यावर. लोक पांगले की वाकून बिल्ले वेचायचे, वाकड्या पिना दातानं सरळ करायचे आणि खिशात टाकायचे. मग ते गारगोटीकडचे दूधवाले असोत, नाहीतर कारखान्यातून काढलेले कामगार. माझा पिंड पत्रकांवर पोसलेला. मी चिडून विचारलं, "मामा, मागणी काय आहे ते तरी वाचता का?" म्हणाले, "वाचतोय की. पर उन्हात कोण किती येळ उभं ऱ्हायलं, ते कुटं लिवलेलं असतंय?"

बिल्ल्यांचे डबे भरले तेव्हा मामांनी काचेचं कपाट करायला घेतलं. उद्यमनगरातून मशिनच्या खोक्याच्या फळ्या आणल्या. त्यातल्या एकीवरचं 'ही बाजू वर' बरोब्बर खाली आलं. आतलं अस्तर बँडवाल्याच्या जुन्या मखमली कोटाचं, एका कोपऱ्यात सोनेरी बटण तसंच. टेप वापरणं त्यांना कमीपणाचं वाटे. काचेच्या मापाला दोरी धाडली, ती रुंदीलाच पुरली. उंचीसाठी तोंडी निरोप गेला, तीन विती. तरुणपणी तालमीच्या मातीत घुमलेल्या मामांची वीत पैलवानाची. काचवाल्याची वीत काचवाल्याची. काच चार बोटं आखूड आली, वरती फट राहिली. मी भांडायला निघालो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बिल्ल्यांस्नी वारा लागंल." आत्या आतून कडाडली, "देवाला कोनाडा न्हाय ह्या घरात, आन् बिल्ल्यांस्नी कपाट!"

पण माझा खरा संताप पुढंच होता. बिल्ले लावले कसे, तर रंगावरून! कामगारांच्या लालशेजारी मालकांच्या संघटनेचा लाल. शोषित आणि शोषक एका ओळीत! मी तिथल्या तिथं तोंडी निषेध नोंदवला. मामांनी दोन्ही बिल्ले उलटे करून दाखवले. "पिना बघ. दोन्ही गंजल्यात. गंज येगळा हाय व्हय?"

त्यांची एकच इच्छा होती: कपाट तालमीच्या हॉलात, ढालींच्या शेजारी लागावं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं. घरात कोण बघणार? तालमीचे सेक्रेटरी आधी तयार झाले. उद्घाटनाला पुढारीही ठरला. मग कपाट भिंतीला टेकवल्यावर सेक्रेटरींनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा, हा मधला तेवढा काढा. हा मोर्चा पावण्यांच्याच इरोधात हुता की!"

मामा म्हणाले, "पाण्यासाठी आल्त्या बाया. अनवाणी. त्यांचा बिल्ला काढायचा, आन् पावण्याला हार घालायचा व्हय?"

"एकच तर हाय, मामा."

"एक काढला तर भोक दिसंल."

मी तोंड उघडलं. लोकशाही, दडपशाही, लाचारी, जेवढे शब्द पत्रकांतून शिकलो होतो तेवढे सेक्रेटरींच्या अंगावर ओतले. मालकांचा बिल्ला त्यात कुठं बसतो याचा मला विसरच पडला. माझं भाषण चालू असतानाच मामांनी कपाट उचललं, सायकलच्या कॅरिअरवर आडवं बांधलं आणि निघाले. मी मागून धरून. प्रत्येक खड्ड्याला काच खुळखुळायची. चौकात पानवाला ओरडला, "काय मामा, आज मोर्चा कुणाचा?"

मामा मागं न बघता म्हणाले, "आज माझाच हाय."

आता त्यांच्यानं मोर्च्यामागं चालवत नाही. कपाट आत्याच्या सोप्यात, चपलांच्या वर टांगलंय. मामा शेजारच्या खुर्चीत बसतात आणि लांबून घोषणा ऐकू आल्या की दाराकडं बघत राहतात. म्हणून सांगतो, पुढच्या वेळी बिल्ला गटारात टाकू नका. कुठल्याही पक्षाचा असो, माझ्या विरोधातला असला तरी चालेल. आमच्या गल्लीत या, बिल्लेवाल्या मामांचं घर कुणीही दाखवेल. कपाट उघडायची गरज नाही. वरती चार बोटांची फट आहे, तिच्यातून आत सोडा. आणि पिन वाकडी असली तर तशीच राहू द्या; ती सरळ करायला मामा आहेत.