एका हौद्यातले दोन निळे

थोरला आणि धाकटा मिळून एक पिकअप चालवायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. एक दिवस गाडी ह्याच्याकडे, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे. किल्ली स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला, आणि निरोप थोरल्याच्या बायकोमार्फत.

"वहिनी, दादाला सांगा, मागच्या चाकात हवा कमी आहे."

"सांग त्याला, मला डोळे आहेत म्हणावं."

दोघेही तिच्यापासून हातभर अंतरावर उभे. पूर्वी ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "मी काय टेलिफोनची तार आहे?" आता तेही म्हणायचं तिने सोडून दिलं होतं.

अबोला आई गेली त्या दिवसापासूनचा. धाकट्याला गाडी थोरल्यानेच शिकवली होती, शेजारी बसून, हँडब्रेकवर हात ठेवून. तो हात त्याने मनातून पुढेही कधी काढला नाही. धाकटा फेरीला निघाला की ह्याचे फोन सुरू. कुठे पोचलास, दोर नीट बांधलास का, उतारावर गियर खाली घे. त्या दिवशी धाकट्याने वैतागून फोन बंद करून टाकला. नेमकी त्याच दुपारी आईच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांची गाडी मिळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. दवाखान्याच्या दारात थोरला म्हणाला, "तुझ्यामुळे गेली आई." धाकटा म्हणाला, "फोन बंद का करावा लागतो, ते स्वतःला विचार." दोघांचं समोरासमोर बोलणं तिथेच संपलं.

वाळू-विटा वाहून थोरल्याची कंबर कामातून गेली होती. म्हणून फ्रिज-वॉशिंग मशीन विकणाऱ्या दुकानाचा मॅनेजर "पोचवायचं काम कायमचं देतो" म्हणाला, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. अट एकच होती. गाडीचा मागचा हौदा गंजलेला, खरवडलेला चालणार नाही, खोकी फाटतात. आतून कोटिंग मारून आणा.

थोरला रंगाच्या दुकानात गेला. घरच्या घरी मारता येणारं कोटिंग होतं. चार मोठ्या बाटल्या, ते घट्ट करणारं हार्डनर, निळ्या रंगाचा डबा आणि कॉम्प्रेसरला लावायची फवारणीची गन. दुकानदाराने बजावून सांगितलं, "चारही बाटल्या आधी एका बादलीत ओता. त्यात रंग घालून ढवळा, मग परत बाटल्या भरा. नाहीतर प्रत्येक बाटलीचा रंग वेगळा येईल. हार्डनर मात्र मारायच्या वेळीच. आणि हौदा एका दमात उरका. अर्धा सुकू दिलात तर जोड धरणार नाही."

घरी सामान मांडलं. धाकटा दारातच थांबला.

"वहिनी, विचारा जरा, दुकानदार काही म्हणाला का?"

थोरल्याच्या ओठांवर आलं होतं. मग ती बादली डोळ्यांपुढे आली. एकाने धरायची, दुसऱ्याने ओतायचं, दोन डोकी एकाच बादलीवर वाकलेली. 'नीट धर' असं तरी म्हणावंच लागणार.

"सांग त्याला, काही नाही म्हणाला. दोन बाटल्या त्याच्या, दोन माझ्या. ज्याच्या त्याच्या दिवशी ज्याची त्याची बाजू."

थोरल्याने आपल्या दिवशी हौद्यात मधोमध मास्किंग टेपची सरळ रेघ मारली. आपली बाजू घासली, थिनरने पुसली, गन फिरवली. गडद, खरबरीत, पोटभर निळा. बायको म्हणाली, "छान झालंय हो." त्याने मान हलवली आणि उरलेल्या दोन बाटल्या धाकट्यासाठी भिंतीशी लावून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने टेप ओढून काढली आणि उरलेली बाजू मारली. रंग अंदाजाने ओतलेला. आला तो फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा. मधल्या रेघेवर त्याचा थर थोरल्याच्या थरावर बोटभर चढला होता.

पहिल्या फेरीला मॅनेजरने हौद्यात डोकावून विचारलं, "हे काय, दोन गाड्या कापून जोडल्यात की काय?" हमाल खो खो हसले. कामाला मात्र तो नाही म्हणाला नाही.

फ्रिज उतरवायला दोघे लागतात, म्हणून त्या दिवशी दोघेही आले होते. गिऱ्हाइकाच्या दारात थोरल्याने हौद्याचा मागचा फाळका उघडला. खाली उभं राहून तो खोकं ओढू लागला, धाकटा वरून ढकलू लागला. खोकं मधल्या रेघेवर तिरकं आलं आणि तिथल्या थराची कड सालपटासारखी उचलली गेली. खोक्याचा कोपरा तिच्यात रुतला. खोक्यामागून धाकट्याला काही दिसत नव्हतं. थोरल्याला दिसलं.

'सांग त्याला, थांब म्हणावं', एवढं त्याच्या तोंडात तयार होतं. पण सांगायला बायको तिथे नव्हती.

धाकट्याने जोर लावला. खोकं अडकलं, वरून कलंडलं आणि रस्त्यावर आडवं झालं. आतून काच फुटल्याचा आवाज आला. गिऱ्हाईक बाहेर आलं, मग मॅनेजरचा फोन आला. काम गेलं.

गाडी अंगणात लावून धाकटा तसाच बाहेर पडला होता, तो संध्याकाळी उशिरा घरी आला. थोरला अंगणात हौद्याजवळ उभा राहून ती सुटलेली कड नखाने सोलत होता. बायको उंबऱ्यात होती. धाकट्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"दादा," तो म्हणाला, "दुकानदार काय म्हणाला होता?"

इतक्या दिवसांनी समोरून आलेला तो शब्द थोरल्याला पेलला नाही. त्याने सवयीने मान बायकोकडे वळवली. "सांग त्याला..."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "त्यानं तुम्हाला विचारलंय."

थोरला पुन्हा हौद्याकडे वळला. "काही नाही म्हणाला."

"मी त्याला विचारूनच आलोय," धाकटा म्हणाला. "एका बादलीत ओता म्हणाला होता."

त्याने खिशातून किल्ली काढली, फाळक्यावर ठेवली आणि घरात न शिरता रस्त्याने चालू लागला. थोरला त्याच्या पाठीकडे बघत राहिला. हाक मारायला अंतर काही फार नव्हतं.

आता गाडी रोजच थोरल्याकडे असते. कंबर बांधून तो पुन्हा विटा वाहतो. संध्याकाळी हौदा धुतो तेव्हा गडद बाजू घासून घासून स्वच्छ करतो, फिकट बाजूवर नुसतं पाणी मारतो. रेघेखाली गंज धरलाय. बायकोला हल्ली कुणाचेच निरोप पोचवावे लागत नाहीत, आणि घरात बोलण्यासारखंही काही उरलेलं नाही.