पांढऱ्या सिंहांचं भाषण

२०१६ साली आम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या पापाकुरात राहत होतो. लेक नऊ वर्षांची होती. शाळेत स्पर्धेसाठी भाषण करायचं होतं आणि तिने विषय घेतला पांढऱ्या सिंहांचा. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. मी भाजी परतत असायची, ती ओट्याशी उभी राहून भाषण म्हणायची, आणि चुका मी मराठीत सांगायची.

तिचं म्हणणं सरळ होतं. पांढरा सिंह लांबूनच दिसतो, शिकार पळून जाते, तो उपाशी मरतो. म्हणून त्याने प्राणिसंग्रहालयातच राहावं. मलाही ते पटलं होतं.

शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. एका शनिवारी बागेतली लिंबं द्यायला आल्या, तेव्हा लेकीने त्यांनाही भाषण ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी पाहिलाय पांढरा सिंह. मोकळ्या रानात."

तरुणपणी त्या एका राखीव जंगलाच्या कडेला राहायच्या. एका सकाळी कोरड्या नदीच्या पात्रात त्यांना सिंहीण दिसली, नेहमीच्या रंगाची, आणि तिच्यामागे तीन पिल्लं. त्यातलं एक पांढरं होतं. पण वाळू आणि वाळलेलं गवत इतकं फिकं, की ते आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही. पुढे माणसंच आली. काही पांढरे सिंह पकडून नेले, काही भिंतीवर मुंडकं लावायच्या हौसेपायी मारले गेले. कित्येक वर्षं त्या भागात एकही दिसला नाही. अलीकडे काही लोकांनी तिथेच पुन्हा थोडे सोडलेत, आणि ते स्वतःची शिकार स्वतः करतात, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला.

त्या गेल्यावर लेक रडवेली झाली. भाषण मंगळवारी होतं. मी म्हटलं, राहू दे आहे तसंच, कोणाला कळणार आहे?

"मला कळलंय ना, आई," ती म्हणाली. चक्क मराठीत.

मला माझीच लाज वाटली. रविवारभर बसून आम्ही सगळं नव्याने लिहिलं.

मंगळवारी त्या बाई इस्त्रीचा ड्रेस घालून माझ्या शेजारी येऊन बसल्या. लेक मध्येच एक वाक्य विसरली, थांबली, मग कागद खाली ठेवून म्हणाली की आधी मी चुकीचं लिहिलं होतं, ज्यांनी सिंह पाहिलाय त्यांनी मला खरं सांगितलं. बक्षीस ज्वालामुखीवर बोललेल्या मुलीला मिळालं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही.

परतताना आम्ही तिघींनी चिप्सचं पुडकं घेतलं आणि बागेतल्या बाकावर बसलो. ऊन होतं, वाराही होता. लेकीचे प्रश्न संपत नव्हते, आणि बाई एकेकाचं सावकाश उत्तर देत होत्या. मला कुठेच जायची घाई नव्हती.